कुराता-सानचं पदवीचं वर्ष

आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात कोण लिहितं हे मला माहीत आहे. टोकियोच्या बँकांमध्ये मोठ्या हुद्द्यावर असलेले काका लिहितात, प्रयोगशाळांमध्ये डॉक्टरेट झालेल्या ताया लिहितात. मी पंचवीस वर्षांचा आहे, टोकियोतल्या एदोगावात एका खोलीत राहतो, आणि माझा अनुभव म्हणजे क्योतोजवळच्या एका लहानशा खाजगी विद्यापीठाच्या बेसबॉल क्लबात केलेलं कारकुनी काम. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे लेख कसा लिहितात हे विचारायलाही घरी कोणी नव्हतं. तेव्हा आधीच माफी मागून ठेवतो.

संपादक वैशालीकाकूंना मी तीनदा नाही म्हटलं होतं. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, "अरे, गेल्या गणपतीत तू त्या कोचची गोष्ट सांगत होतास, तेव्हा चार माणसं मोदक हातात धरून थांबली होती. तीच लिही." मी म्हटलं, "काकू, तिला शेवट नाहीये अजून." त्या म्हणाल्या, "मग शेवट आला की लिही." तो या जूनमध्ये आला. म्हणून लिहितो. चुकलं तर निम्मा दोष त्यांचा.

मी शिष्यवृत्तीवर आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात क्रिकेट शोधलं. नव्हतं. नदीपलीकडे बेसबॉलचं मैदान होतं, तिथे जाऊन जाळीला नाक लावून उभा राहिलो. हेडकोच त्सुदा-सेन्सेई, म्हणजे त्सुदा गुरुजी, हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेले आणि अजूनही प्रत्येकाकडे गृहपाठ न केल्यासारखं बघणारे गृहस्थ, यांनी मला आत बोलावलं, हातात ग्लोव्ह दिला आणि एक उंच चेंडू मारला. तो ग्लोव्ह मला अडचणीचा वाटला. मी तो काढून टाकला आणि दोन्ही हातांनी झेल घेतला. सांगलीत असाच घेतात.

"झेल चांगला होता," सेन्सेई म्हणाले. "आता हात दाखव."

हात सुजला होता. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला स्कोअरबुक दिलं. स्कोअर लिहायची आवड मला लहानपणापासूनच होती, आणि पुढे दुसऱ्या वर्षी मी क्लबाचा मॅनेजर झालो.

इथे थोडा खुलासा करायला हवा, कारण यावरून घरी गोंधळ झालेला आहे. जपानी कॉलेजच्या बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे पाण्याचे कॅन भरणारा, बस ठरवणारा, लीगचे फॉर्म भरणारा आणि पंचांना वाकून नमस्कार करणारा विद्यार्थी. मी फोनवर फक्त "मॅनेजर झालो" एवढंच सांगितलं. माझे वडील एसटीत ड्रायव्हर. त्यांनी डेपोत पेढे वाटले. डेपो मॅनेजरांनी स्वतः पेढा घेऊन विचारलं म्हणे, "पोराच्या हाताखाली गाड्या किती?" खरं काय ते मी अजून पप्पांना पूर्ण सांगितलेलं नाही. ते हा अंक वाचणार नाहीत अशी आशा आहे.

दुसरा खुलासा सहायक कोचांचा. मोठ्या नावाच्या विद्यापीठांचं मला माहीत नाही, पण आमच्यासारख्या तळाच्या गटातल्या क्लबात कोच हे कुणाचं पोटापाण्याचं काम नसतं. क्लबातून पूर्वी खेळून गेलेले लोक आपापला धंदा सांभाळून येतात. आमच्याकडे असे तिघे होते.

पिचर मुलांना शिकवायला निशिओ-सान होते. पिचर म्हणजे आपला गोलंदाज म्हणा. त्यांचं टोफूचं दुकान. पहाटे टोफू करायचा, दुपारपर्यंत विकून टाकायचा आणि सायकलवरून मैदानात यायचं. चेंडू किती हलका धरायचा हे शिकवण्यासाठी ते नव्या मुलांना पाण्याच्या बादलीतून टोफूची अख्खी वडी, बोटाचा ठसा न उमटवता, उचलायला लावत. कुणालाच जमत नसे. त्यामुळे प्रत्येक एप्रिलमध्ये आम्ही सगळे महिनाभर चुरा झालेला टोफू खात असू.

फलंदाजी शिकवायला एन्दो-सान. ते एका देवळाचे पुजारी. त्यांचा काळा झगा सामानाच्या खोलीत हेल्मेटांच्या शेजारी टांगलेला असे, कारण कुणाच्या घरी मृत्यू झाला की फोन येई आणि त्यांना तसंच निघावं लागे. एकदा ते घाईत गेले. अंत्यविधीत हात जोडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की डाव्या हातात लाल रंगाचा बॅटिंगचा हातमोजा तसाच आहे. निघताना त्या घरच्या आजींनी हळूच विचारलं, "कोणत्या संघाचे? आमच्या यांनाही फार आवड होती हो."

आणि तिसरे कुराता-सान. साठी ओलांडलेले, बसके, मान आखूड, टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली. ते मुलांना बेसवरून धावायला शिकवत. बेसबॉलच्या मैदानात चार कोपरे असतात, तेच बेस. चेंडू मारून धावत सुटायचं, आणि लांब मारला असेल तर न थांबता कोपरा वळून पुढे जायचं. या वळण्यातच धावा कमावल्या नाहीतर गमावल्या जातात. कुराता-सान ओरडत, "वळणाच्या आधी बाहेर घे! वळणात वळण बघू नकोस, पुढचा रस्ता बघ! मागचं चाक विसरलास!"

मागचं चाक म्हणजे मागचा पाय, असं मुलं मानून चालत. कुणी कुणी त्यात खोल अर्थ शोधत. एन्दो-सान यांनी तर ते वाक्य देवळातल्या प्रवचनातही वापरलं. आमच्या संघाला मारता येत नसे, टाकता येत नसे, पण बेसवरून मुलं सुरेख पळत. तेवढ्या एका बाबतीत इतर संघ आम्हाला मान देत.

माझ्या तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, फेब्रुवारीत, लीगकडून एक नवा फॉर्म आला. सामना चालू असताना बाकावर बसणाऱ्या प्रत्येक कोचची नोंद हवी. नाव, पार्श्वभूमी, पदवीचं वर्ष. ज्याची नोंद नाही त्याला बाकावर बसता येणार नाही. एप्रिलमध्ये सामने सुरू होणार होते.

निशिओ-साननी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, त्यातलं निम्मं टोफूबद्दल. एन्दो-साननी सुंदर अक्षरात लिहूनच दिलं. कुराता-सान मात्र म्हणाले, "माझं शेवटी बघू." पुढच्या आठवड्यात म्हणाले, "माझं फार काही नाही रे." त्याच्या पुढच्या आठवड्यात मी वही घेऊन येताना दिसलो, तर ते कुंपणाकडचे चेंडू गोळा करायला निघून गेले. हे काम पहिल्या वर्षाच्या मुलांचं.

मी त्सुदा-सेन्सेईंकडे गेलो. "सेन्सेई, कुराता-सान कोणत्या वर्षीचे?"

"मला कसं माहीत असणार?"

"पण तुम्ही आठ वर्षं एकत्र…"

"मी आलो तेव्हा ते आधीपासून होते. माझ्याहून वयाने मोठे आहेत, म्हणजे माझे सेम्पाई. सेम्पाईंना वर्ष विचारतात का, गावडे-कुन?"

सेम्पाई म्हणजे आपल्याआधी त्या जागी आलेला. तो वर्षाने मोठा असो की चाळीस वर्षांनी, त्याच्यापुढे वाकायचं, आणि त्याला ओळखत नसल्याचं दाखवायचं नाही. ओळखत नसणं हा आपला अपराध असतो. निशिओ-सान म्हणाले, "एन्दोच्या वेळचे असतील." एन्दो-सान म्हणाले, "मला वाटत होतं त्सुदा-सेन्सेईंच्या वेळचे." म्हणजे इतकी वर्षं प्रत्येक जण त्यांना दुसऱ्या कुणाचा तरी वर्गबंधू समजून वाकत होता.

मार्चमध्ये आम्ही सरावाच्या सामन्यासाठी दुसऱ्या गावी गेलो. परतताना पार्किंगमध्ये मुलं सामान चढवत होती. कुराता-सान बसभोवती एक चक्कर मारत होते. चालता चालता त्यांनी पायाच्या टाचेने एकेका टायरला हलकी लाथ घातली, आवाज ऐकला, मागच्या दिव्यावरून तळहात फिरवला आणि मगच आत चढले. हे ते नकळत करत होते. मी जागच्या जागी उभा राहिलो. माझ्या लहानपणी सुट्टीत पप्पांबरोबर डेपोत जायचो तेव्हा हेच, अगदी याच क्रमाने, मी शेकडो वेळा पाहिलेलं होतं.

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. जपानीत अशी गोष्ट आडवळणाने विचारायची असते, पण ते मला अजून जमत नाही.

"कुराता-सान, तुम्ही बस चालवायचात का?"

त्यांनी खिडकीच्या काचेवरची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाले, "अडतीस वर्षं."

"आणि कॉलेज?"

"कॉलेजच्या सहलीच्या पुष्कळ बस नेल्या."

सगळं सांगितलं त्यांनी. अकरा वर्षांपूर्वी या क्लबाची बस ते चालवत. सामना संपेपर्यंत करायचं काय, म्हणून जाळीपाशी उभे राहून बघत. एकदा पावसात भिजले, तर मुलांनी त्यांना क्लबाचा जुना सदरा घालायला दिला. त्या सदऱ्यात उभे असताना एका मुलाने त्यांना जुने खेळाडू समजून, वाकून, काही चुकत असेल तर सांगा अशी विनंती केली. "चुकत तर होतंच," कुराता-सान म्हणाले. "तो मागचं चाक फुटपाथवर घालत होता. मी सांगितलं. त्या डावात तो तिसऱ्या बेसपर्यंत गेला." मग सुट्टीच्या दिवशी ते सदरा धुऊन परत करायला आले, आणि मुलांनी त्यांना पुन्हा सराव बघायला थांबवून घेतलं. चार वर्षांत ती मुलं पदवी घेऊन गेली. ते ड्रायव्हर होते हे जाणणारं कुणी उरलं नाही. सदरा उरला.

"मी खोटं कधी बोललो नाही," ते म्हणाले. "कोणी विचारलं नाही. पहिली दोन वर्षं मी रोज उत्तर तयार ठेवून यायचो."

"मी फॉर्मवर काय लिहू?"

"खरं तेच लिही. रविवारी सरावानंतर मी सगळ्यांना स्वतः सांगतो. माझ्या तोंडून ऐकू देत."

आता माझी चूक. इथे कुठलाही मजकूर पाठवण्याआधी तो संबंधित सर्वांना वाचायला पाठवायचा असतो. कुणी काही बदलत नाही, पण पाठवायचा असतो. मी खरं ते नीट लिहिलं: "कुराता, निवृत्त बसचालक. या विद्यापीठाचे विद्यार्थी नव्हते." माझ्या कामाच्या यादीत मजकूर फिरवण्याची तारीख शुक्रवारची होती. मी तारखा पाळणारा मुलगा आहे. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता मी तो पाठवला. 'संबंधित सर्व' या यादीत क्लबाचे जुने खेळाडू मिळून दीडशेच्या वर लोक आहेत हे मला पाच वाजून एका मिनिटाने कळलं.

रविवारी मैदानात कधी न दिसणारी माणसं सूट घालून आली. जुन्या खेळाडूंच्या मंडळाचे अध्यक्ष आले, ऐंशीच्या घरातले. मी मान वर करू शकत नव्हतो. अध्यक्षांनी आल्या आल्या माझ्या कागदावर काठी आपटली.

"हे चूक आहे! कुराता माझा ज्युनियर होता. मी त्याला स्वतः रागावलोय, मैदान वाकडं सारवलं म्हणून!"

"ते मीच होतो," त्सुदा-सेन्सेई हळूच म्हणाले. "मला रागावला होतात."

"तू गप्प बस. याला पण रागावलो होतो."

कुणीतरी सुचवलं की नोंद हरवली असेल. दुसरा म्हणाला, पूर्वी एकदा कागद उंदरांनी खाल्ले होते. सगळ्यांचे चेहरे उजळले. उंदरांवर जवळजवळ एकमत होत आलं होतं, कारण अकरा वर्षं आपण एका बसचालकाला सेम्पाई म्हणून वाकत होतो हे मान्य करण्यापेक्षा ते सोपं होतं. तेवढ्यात कुराता-सान पुढे आले, टोपी काढली आणि अगदी कमरेत वाकले.

"मी तुमची बस चालवली," ते म्हणाले. "फार आनंदाने चालवली. आपले आभार."

एन्दो-साननी फक्त विचारलं, "म्हणजे मागचं चाक हे खरंच मागचं चाक होतं?" कुराता-सान हो म्हणाले. एन्दो-सान म्हणाले, "प्रवचन बदलणार नाही मी."

कुणी त्यांना क्लबातून जा म्हटलं नाही. पण नियम तो नियम: पदवीचं वर्ष नाही, तर नोंद नाही. एप्रिलपासून सामन्याच्या दिवशी कुराता-सान जाळीबाहेर, प्रेक्षकांच्या पहिल्या बाकड्यावर बसू लागले. बाहेरून सूचना देणं निषिद्ध. म्हणून ते दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसत. आमचा धावपटू वळणावर चुकला की त्यांचे खांदे नुसते उडत. मी आत बाकावर स्कोअरबुक लिहीत असे आणि ते खांदे मला दिसत. मी तारीख पाळली नसती, त्यांना आधी बोलू दिलं असतं, तरी नियमाने हेच झालं असतं, असं मला सगळ्यांनी सांगितलं. खुद्द त्यांनीही सांगितलं. तरी मी त्या बाकावर चार वर्षांत इतका अवघडून कधी बसलो नव्हतो.

नियमावली वाचणं हे माझंच काम. मी ती पुन्हा वाचली. कोच हा "पदवीधर अथवा सध्याचा विद्यार्थी" असावा, असं तिथे लिहिलं होतं. आणि आमच्या विद्यापीठात नोकरी केलेल्या प्रौढांसाठी वेगळी प्रवेशपरीक्षा होती: एक निबंध, एक मुलाखत.

मी कागद घेऊन जाळीबाहेर गेलो. कुराता-सान हसू लागले. मग थांबले. "आमच्या घरात कोणी कॉलेजात गेलेलं नाही रे."

"आमच्याही."

"तुला भीती नाही वाटली?"

"अजून वाटते."

त्यांनी कागदाच्या चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

नोव्हेंबरमध्ये ते परीक्षेला बसले आणि नापास झाले. यातही माझा हात होता. मुलाखतीत काय सांगू, असं त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी म्हटलं होतं, खरं ते सांगा. तिघा प्राध्यापकांनी विचारलं, "आपल्याला या वयात विद्यापीठात का यायचं आहे?" कुराता-सान म्हणाले, "बाकावर बसायला."

मार्चमध्ये माझी पदवी झाली. टोकियोत नोकरी लागली होती. निघण्याआधी मी त्यांना भेटलो. नदीकाठाने चालत आम्ही एका मोठ्या देवळाच्या बाजूने गेलो. मी म्हटलं, "चला, आत जाऊ." ते थबकले.

"मी इथे किमान हजार वेळा आलोय," ते म्हणाले. "इथलं पार्किंग उताराचं आहे, चाकाला ठोकळा लावावा लागतो. पलीकडच्या देवळाचं अरुंद आहे, आरसे मिटावे लागतात. क्योतोतल्या सगळ्या देवळांची पार्किंग मला पाठ आहेत. लोक आत जायचे, मी बसमध्ये. परत येताना सगळे आपापसात बोलत असायचे, कोणत्या राजाने का बांधलं, कुणी जाळलं. अर्धंच ऐकू यायचं. पुढचं अर्धं काय असेल, याचा विचार मी अडतीस वर्षं करतोय."

मी रस्त्यातच उभा राहिलो. "कुराता-सान, हे तुम्ही मुलाखतीत का नाही सांगितलंत?"

"हे सांगण्यासारखं आहे?" त्यांनी खरोखरच आश्चर्याने विचारलं.

मग म्हणाले, "पुन्हा बसेन. पण या वेळी निकाल नक्की झाल्याशिवाय कळवणार नाही. तू विचारू नकोस." मी विचारलं नाही. डिसेंबर गेला, काही कळलं नाही. एप्रिल गेला. क्लबाचा नवा मॅनेजर अधूनमधून मेसेज करतो. त्याला विचारता आलं असतं, पण शब्द दिला होता. या वेळीही जमलं नसणार, असं मनाशी मी समजून चुकलो होतो. पप्पा फोनवर विचारत, "त्या ड्रायव्हरचं काय झालं?" मी म्हणे, "काही नाही अजून." ते म्हणत, "होईल. ड्रायव्हर माणूस वाट बघू शकतो."

जूनमध्ये पोस्टकार्ड आलं. ते आधी माझ्या क्योतोतल्या जुन्या खोलीवर गेलं होतं, तिथून परत, मग नव्या मॅनेजरकडून पत्ता घेऊन इथे. मला चार वर्षं "तू" आणि "रे" म्हणणाऱ्या माणसाने ते इतक्या आदरार्थी जपानीत लिहिलं होतं की दोन ओळींसाठी मला शब्दकोश काढावा लागला. जमेल तसं मराठीत देतो:

"गावडे-सेम्पाई यांस. उशिरा कळवत आहे, क्षमा करावी. एप्रिलपासून मी इतिहास विभागात पहिल्या वर्षाला आहे. लीगमध्ये माझी नोंद 'विद्यार्थी कोच' अशी झाली. पहिल्या सामन्यात बाकावर बसलो. आपण हरलो. पहिल्या वर्षाचा असल्याने सरावानंतर मैदान मीच सपाट करतो. दुसऱ्या वर्षाचे सेम्पाई म्हणाले, रेघ वाकडी आहे. वाकडी होतीच. अध्यक्षांनी मंडळाच्या सभेत सांगितलं की त्यांना मी पूर्वीपासून असाच आठवतो.

"पुढच्या आठवड्यात वर्गाची सहल आहे, देवळात. बसने जाणार आहोत. मी मागे, खिडकीपाशी बसणार आहे, आणि सगळ्यांबरोबर आत जाणार आहे.

"आपल्याला एक गोष्ट विचारायची होती: आपण कोणत्या वर्षीचे पदवीधर? पण सेम्पाईंना वर्ष विचारत नाहीत, म्हणून राहू द्यावं."